शहरी वाटांचा सामायिक वापर : रायपूरच्या संदर्भात एक अभ्यास

नागरीकरणाचा विचार करताना रस्ते, पाणी, घरे आणि रोजगार या विषयांना प्राधान्य मिळते, आणि ते योग्यच आहे. परंतु शहरातील माणूस काम आणि घर यांव्यतिरिक्तचा वेळ कोठे घालवतो, त्याला चालण्यासाठी, धावण्यासाठी वा सायकल चालविण्यासाठी सुरक्षित वाट उपलब्ध आहे किंवा नाही, हा प्रश्न आता केवळ हौसेचा राहिलेला नाही. २०२४ मध्ये ‘लॅन्सेट ग्लोबल हेल्थ’ या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या अंदाजानुसार, २०२२ मध्ये भारतातील सुमारे निम्म्या प्रौढ व्यक्ती आवश्यक तेवढी शारीरिक हालचाल करीत नव्हत्या. पुरुषांमध्ये हे प्रमाण सुमारे ४२ टक्के, तर स्त्रियांमध्ये सुमारे ५७ टक्के होते. जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम स्वरूपाच्या व्यायामाची आहे. व्यायामशाळेचे शुल्क भरू न शकणाऱ्या बहुसंख्य नागरिकांसाठी ही १५० मिनिटे तलावाचा काठ, उद्यान, मैदान किंवा शहराबाहेरची मातीची वाट यांवरच घालवावी लागतात. साहजिकच अशा वाटांवर गर्दी वाढत आहे आणि तिच्याबरोबर पादचारी, धावणारे, सायकलस्वार, फेरीवाले व परिसरातील रहिवासी यांच्यातील हितसंबंधांचे प्रश्नही वाढत आहेत. छत्तीसगडची राजधानी रायपूर हे या प्रश्नाच्या अभ्यासासाठी उपयुक्त उदाहरण आहे.

माउंटन बाइक आणि वाटेवरील संघर्ष

खडबडीत वाटांवर चालविण्याची जाड टायरची सायकल, म्हणजेच माउंटन बाइक, ही तुलनेने अलीकडची गोष्ट आहे. १९७० च्या दशकात अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्याच्या मरीन परगण्यात काही तरुणांनी जुन्या, वजनदार सायकली डोंगरउतारावरून चालविण्यास सुरुवात केली. १९७६ मध्ये तेथे ‘रिपॅक’ या नावाने उतारावरील शर्यती सुरू झाल्या. पुढील काही वर्षांत अशा सायकलींचे व्यापारी उत्पादन होऊ लागले आणि १९९६ च्या अटलांटा ऑलिम्पिकमध्ये या क्रीडाप्रकाराचा समावेश झाला. भारतात हिमाचल प्रदेशात २००५ पासून या प्रकारची बहुदिवसीय स्पर्धा भरविली जाऊ लागली. गेल्या दोन दशकांत गिअरच्या, जाड टायरच्या सायकली महानगरांबरोबरच रायपूर, नागपूर, नाशिक यांसारख्या शहरांतही दिसू लागल्या.

ज्या मरीन परगण्यात हा खेळ जन्माला आला, तेथेच वाटेच्या वापरावरून पहिला मोठा संघर्षही उद्भवला, ही बाब ध्यानात घेण्याजोगी आहे. तेथील डोंगर हे पाणीपुरवठ्याचे पाणलोट क्षेत्र होते आणि पायी चालणारे व घोडेस्वार तेथे पूर्वीपासून येत असत. अखेर रुंद मार्गांवर सायकलला परवानगी, अरुंद पायवाटांवर बंदी, ताशी १५ मैलांची म्हणजे सुमारे २४ किलोमीटरची वेगमर्यादा आणि वळणांवर ताशी ५ मैल, अशी नियमावली तेथे लागू झाली. सायकलस्वाराने पादचाऱ्याला आणि दोघांनीही घोडेस्वाराला वाट द्यावी, असा संकेतही रूढ झाला. वाट सर्वांची असली तरी ती सर्वांना सारख्याच प्रकारे, सर्व वेळी वापरता येत नाही, हे तत्त्व त्यामागे होते.

रायपूरमधील दोन प्रकारच्या वाटा

१ नोव्हेंबर २००० रोजी छत्तीसगड राज्य अस्तित्वात आल्यानंतर रायपूरचा विस्तार झपाट्याने झाला. २०११ च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या सुमारे १० लाख होती. रायपूर हे मुळात तलावांचे शहर आहे. बुढा तलाव, तेलीबांधा, महाराजबंध, कंकाली तलाव ही नावे आजही शहराच्या भूगोलाचा भाग आहेत. बालपणी नरेंद्रनाथ, म्हणजे पुढील काळातील स्वामी विवेकानंद, रायपूरमध्ये राहिले होते. त्या स्मृतीनिमित्त बुढा तलावाला विवेकानंद सरोवर असे नाव देण्यात आले. तेलीबांधा तलावाचा काठ सुशोभीकरणानंतर ‘मरीन ड्राइव्ह’ या नावाने ओळखला जाऊ लागला. पहाटे फिरणारे ज्येष्ठ नागरिक, सायंकाळी मुलांसह येणारी कुटुंबे आणि खाद्यपदार्थांचे विक्रेते यांनी हा काठ गजबजलेला असतो. तलावकाठचे हे फरसबंद मार्ग म्हणजे रायपूरमधील पहिल्या प्रकारच्या वाटा होत.

दुसऱ्या प्रकारच्या वाटा शहराच्या आग्नेयेस, नवा रायपूर अटल नगरच्या परिसरात आहेत. नव्या राजधानीचे हे नियोजित नगर अनेक गावांच्या जमिनीवर उभे राहत आहे. रुंद रस्त्यांलगत स्वतंत्र पदपथ व सायकलमार्ग यांची तरतूद येथे आरंभापासून करण्यात आली. सेंध जलाशय, झांझ जलाशय आणि २०१६ मध्ये खुली झालेली जंगल सफारी यांमुळे सुटीच्या दिवशी शहरवासीयांचा ओढा इकडे असतो. रायपूरच्या आसपास डोंगर नाहीत. त्यामुळे येथील माउंटन बाइकस्वार डोंगरउतारांऐवजी मुरमाच्या वाटा, तलावांचे बांध आणि शेतांकडे जाणारे बैलगाडीचे मार्ग यांचा वापर करतात. छत्तीसगडी भाषेत गुरे व गाड्या जाण्याच्या अशा वाटेला ‘धरसा’ म्हणतात. विदर्भातील वाचकांना परिचित असलेली पांदण ती हीच.

येथील हवामानाचाही या विषयाशी निकटचा संबंध आहे. मे महिन्यात रायपूरचे कमाल तापमान ४२ अंशांच्या आसपास असते, काही दिवशी त्याहूनही बरेच चढते. परिणामी उन्हाळ्यात बाहेर फिरण्यायोग्य वेळ पहाटेचे दोन-अडीच तास आणि सूर्यास्तानंतरचा थोडा काळ एवढाच उरतो. ज्या वाटेचा वापर दिवसभरात विभागला गेला असता, तिच्यावर सर्वांची गर्दी एकाच वेळी होते. थंड प्रदेशातील शहरांसाठी तयार केलेले मापदंड येथे जसेच्या तसे लागू करता येत नाहीत, याचे हे एक महत्त्वाचे कारण आहे.

सायकल कोणाची?

मनोरंजनासाठीची सायकल आणि उपजीविकेसाठीची सायकल यांतील फरक छत्तीसगडमध्ये विशेषत्वाने लक्षात घ्यावा लागतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीनुसार (२०१९-२१) राज्यातील सुमारे ७१ टक्के कुटुंबांकडे सायकल होती. देशाची सरासरी सुमारे ५० टक्के होती. सरस्वती सायकल योजनेतून अनुसूचित जाती, अनुसूचित जमाती व दारिद्र्यरेषेखालील कुटुंबांतील नववीच्या विद्यार्थिनींना सायकली देण्यात आल्या. त्यामुळे शाळेला जाणाऱ्या मुलींचे समूह हे राज्यातील ग्रामीण रस्त्यांवरील नेहमीचे दृश्य झाले. उरला व सिलतरा या औद्योगिक क्षेत्रांतील कामगार, बांधकाम मजूर, दूधविक्रेते यांच्यासाठीही सायकल हे खेळाचे साधन नसून प्रवासाचे वाहन आहे.

म्हणूनच सायकलमार्गाचे नियोजन करताना त्याचा लाभार्थी कोण, हा प्रश्न प्रथम विचारला गेला पाहिजे. रविवारी सकाळी शिरस्त्राण घालून निघालेल्या सायकलस्वाराची गरज खरी आहे. परंतु सोमवारी पहाटे डबा अडकवून कामावर निघालेल्या मजुराची गरज त्याहून अधिक निकडीची आहे. २००६ च्या राष्ट्रीय नागरी वाहतूक धोरणाने वाहनांऐवजी माणसांच्या ये-जा करण्यास प्राधान्य द्यावे, असे सूत्र मांडले. हे सूत्र मनोरंजनाच्या वाटांनाही लागू होते. वाटेच्या आराखड्यात तिचा नित्य वापर करणारा माणूस जर नोंदलाच गेला नाही, तर सुशोभीकरणानंतर तो तेथे अडथळा ठरतो.

गर्दीचे अर्थशास्त्र

अर्थशास्त्रात वस्तूंचे वर्गीकरण करताना दोन कसोट्या लावल्या जातात. एकाच्या उपभोगामुळे दुसऱ्याचा उपभोग कमी होतो काय, आणि एखाद्याला उपभोगापासून वगळता येते काय? रिकामी वाट ही शुद्ध सार्वजनिक वस्तूच्या जवळ जाते, कारण आणखी एक माणूस आल्याने कोणाचे काही बिघडत नाही. मात्र एका मर्यादेनंतर प्रत्येक नवा वापरकर्ता इतरांचा वेळ, निवांतपणा आणि सुरक्षितता यांत घट करतो. ही किंमत तो स्वतः मोजत नाही, ती इतरांवर पडते. यालाच बाह्य परिणाम म्हणतात. जेम्स बुकानन यांनी १९६५ मध्ये मांडलेल्या ‘क्लब वस्तूं’च्या सिद्धांताचा गाभा हाच आहे की अशा वस्तूच्या आकाराबरोबरच तिच्या वापरकर्त्यांची योग्य संख्याही ठरवावी लागते.

एका साध्या उदाहरणाने हे स्पष्ट होईल. समजा, एका वाटेवर प्रत्येक दिशेने तासाला १२० पादचारी ताशी ५ किलोमीटर वेगाने चालत आहेत. म्हणजे वाटेच्या प्रत्येक किलोमीटरवर एका दिशेचे २४ पादचारी असतील. ताशी २० किलोमीटर वेगाने जाणारा सायकलस्वार एक किलोमीटर अंतर तीन मिनिटांत कापताना १८ जणांना मागून ओलांडेल आणि ३० जण त्याला समोरून भेटतील, एकूण ४८. त्याने वेग निम्म्यावर, म्हणजे ताशी १० किलोमीटरवर आणला, तर तो १२ जणांना ओलांडेल आणि ३६ जण समोरून भेटतील. एकूण संख्या पुन्हा ४८ च येते. म्हणजे वेग कमी केल्याने भेटींची संख्या घटत नाही. मात्र दोन गोष्टी बदलतात. पादचाऱ्याला न दिसता मागून ओलांडण्याचे प्रसंग एक-तृतीयांशाने कमी होतात आणि ओलांडताना दोघांच्या वेगातील अंतर ताशी १५ वरून ५ किलोमीटरवर येते. वेगमर्यादेचा खरा लाभ अपघाताची तीव्रता कमी होण्यात आहे.

आता सायकलस्वारांची संख्या पाहू. तासाला १० सायकलस्वार असतील, तर प्रत्येक किलोमीटरवर ४८० वेळा सायकल आणि पादचारी एकमेकांजवळून जातील. पादचारी दुप्पट व सायकलस्वारही दुप्पट झाले, तर ही संख्या १,९२० होईल. वापरकर्ते दुप्पट झाले, पण घर्षणाचे प्रसंग चौपट झाले. कालपर्यंत ठीक चाललेली वाट अचानक असह्य का वाटू लागते, याचे उत्तर या गुणाकारात आहे. उलट, दोन गटांच्या वेळा वेगळ्या केल्या तर हीच संख्या शून्यावर येते. रायपूरसारख्या शहरात, जेथे उन्हामुळे सर्वांना एकाच वेळी बाहेर पडावे लागते, तेथे काटेकोर वेळापत्रकाचे महत्त्व त्यामुळेच अधिक आहे.

तलावाभोवतीच्या वर्तुळाकार मार्गावर आणखी एक उपाय शक्य असतो, तो म्हणजे सर्वांनी एकाच दिशेने फिरण्याचा. वरील उदाहरणात सर्व २४० पादचारी एकाच दिशेने चालू लागले, तर ताशी १० किलोमीटर वेगाच्या सायकलस्वाराच्या भेटी ४८ वरून २४ वर येतील. या सर्व भेटी मागून ओलांडण्याच्या असतील हे खरे. परंतु समोरून कोणी येत नसल्याने वाटेची संपूर्ण रुंदी उपलब्ध राहील. वेग मात्र कमीच ठेवावा लागेल, अन्यथा हा लाभ नाहीसा होईल. या उपायासाठी बांधकाम लागत नाही. लागतात ते चार फलक आणि काही आठवड्यांची सवय.

निस्तार : सामायिक वापराची जुनी व्यवस्था

वाटेच्या सामायिक वापराची कल्पना या प्रदेशाला नवी नाही. नागपूरकर भोसल्यांची सत्ता १८५४ मध्ये संपुष्टात आल्यानंतर नागपूर व छत्तीसगड हे दोन्ही प्रदेश इंग्रजी अमलाखाली आले आणि पुढे मध्य प्रांतात त्यांची महसूल व्यवस्था एकाच धाटणीची राहिली. मालगुजारी पद्धतीत गावाचे तलाव, चराई, जळाऊ लाकूड आणि वाटा यांवरील रयतेचे रूढीप्राप्त हक्क ‘निस्तार’ या नावाने ओळखले जात. पूर्व विदर्भातील माजी मालगुजारी तलाव याच व्यवस्थेचे अवशेष आहेत. १९५० च्या कायद्याने मालकी हक्क नष्ट झाले आणि या सामायिक जमिनी शासनाकडे आल्या. त्यानंतर १९५९ च्या जमीन महसूल संहितेत निस्तारपत्रक तयार करण्याची आणि ‘वाजिब-उल-अर्ज’ या अभिलेखात वाट, पाणी व मासेमारी यांसंबंधीचे रूढ हक्क नोंदविण्याची तरतूद झाली. छत्तीसगडमध्ये ही संहिता लागू आहे. महाराष्ट्राच्या १९६६ च्या संहितेतही विदर्भासाठी निस्तारपत्रकाची तरतूद आहे.

निस्तार व्यवस्थेत एकाच तलावावर स्नान, गुरांना पाणी पाजणे, मासेमारी आणि सिंचन असे अनेक उपयोग नांदत. त्यासाठी घाट वेगळे, वेळा वेगळ्या आणि हंगाम वेगळे असत. सामायिक संसाधनांच्या अभ्यासासाठी २००९ मध्ये अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळविणाऱ्या एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी जगभरातील अशा व्यवस्थांतून जे निष्कर्ष काढले, ते याच्याशी जुळतात. वापरकर्त्यांची ओळख निश्चित असणे, नियम स्थानिक परिस्थितीशी सुसंगत असणे, नियम ठरविण्यात वापरकर्त्यांचा सहभाग असणे, देखरेख असणे आणि नियमभंगाला चढत्या क्रमाने शिक्षा असणे, या त्यांच्या मते दीर्घकाळ टिकलेल्या व्यवस्थांच्या खुणा होत.

नवा रायपूरच्या परिसरात हा मुद्दा केवळ ऐतिहासिक नाही. तेथील मातीच्या वाटा रिकाम्या भासल्या तरी त्या गुराख्यांच्या, शेतावर जाणाऱ्या स्त्रियांच्या आणि तलावावर येणाऱ्या ग्रामस्थांच्या आहेत. भूसंपादनाच्या मोबदल्यावरून येथील शेतकऱ्यांनी २०२२ च्या आरंभी दीर्घ आंदोलन केले होते. अशा ठिकाणी एखाद्या धरशाला ‘सायकल ट्रेल’ म्हणून घोषित करून कुंपण घातले किंवा प्रवेशशुल्क लावले, तर करमणुकीची सोय निर्माण होईल, पण निस्ताराचा हक्क संपेल. सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये जगपाल सिंग खटल्यात गावाच्या सामायिक जमिनींवरील अतिक्रमणांविरुद्ध कठोर भूमिका घेतली होती. अतिक्रमण हे केवळ घरे बांधूनच होते असे नाही. सद्हेतूने केलेल्या विकासकामानेही सामायिक हक्क आक्रसू शकतो.

माती, पाऊस आणि वाटेचे आयुष्य

मातीच्या वाटेची झीज हा सायकलविषयीच्या आक्षेपांतील एक नेहमीचा मुद्दा आहे. १९९४ मध्ये अमेरिकेतील माँटाना राज्यात झालेल्या एका प्रयोगात, ओल्या वाटेवर चाकांपेक्षा घोड्यांच्या टापा आणि माणसांची पावले यांमुळे अधिक माती सुटी होत असल्याचे आढळले. याचा अर्थ सायकलने झीज होत नाही असा नव्हे. उतारावर जोराने ब्रेक लावल्यास, किंवा चिखल चुकविण्यासाठी वाटेच्या कडेने सायकल नेल्यास वाट रुंदावते व तिची धूप होते. पुण्यातील वेताळ टेकडीसारख्या ठिकाणी एका पायवाटेच्या शेजारी दुसरी, तिसरी वाट पडत जाते, त्यात पादचारी, धावणारे आणि सायकलस्वार या सर्वांचा वाटा असतो.

छत्तीसगडचा शेतकरी आपल्या मातीचे कन्हार, डोरसा, मटासी आणि भाठा असे वर्गीकरण करतो. कन्हार ही भारी काळी माती. पावसात ती चिकट होते आणि चाकोऱ्या पडल्यावर वाळून कठीण बनते. भाठा ही मुरमाड, तांबडी, निचऱ्याची जमीन. स्थानिकांचे हे ज्ञान नियोजनात थेट उपयोगी पडणारे आहे. सायकलसाठीच्या वाटा शक्यतो भाठ्यावरून न्याव्यात, कन्हार जमिनीतील वाटा पावसाळ्यात सायकलसाठी बंद ठेवाव्यात आणि तलावांच्या बांधावरून मार्ग नेणे टाळावे, अशी त्रिसूत्री सुचविता येईल. भाठा जमीन बहुधा चराईची असते. त्यामुळे तेथे मार्ग आखताना गुराख्यांशी विचारविनिमय अपरिहार्य ठरतो.

बांधकाम, देखभाल आणि हुकलेली संधी

स्मार्ट सिटी अभियानात रायपूरची निवड २०१६ मध्ये आणि नवा रायपूरची २०१७ मध्ये झाली. ३१ मार्च २०२५ रोजी हे अभियान समाप्त झाले. या काळात देशभरातील शहरांत तलावकाठ, उद्याने, सायकलमार्ग यांची अनेक कामे झाली. अशा कामांसाठी भांडवली अनुदान मिळते, परंतु पुढील झाडलोट, दिवे, दुरुस्ती व सुरक्षारक्षक यांचा खर्च महापालिकेच्या स्वतःच्या उत्पन्नातून करावा लागतो. चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने जोडलेल्या बाराव्या अनुसूचीत उद्याने, बागा व क्रीडांगणे यांची तरतूद हा नागरी स्थानिक संस्थांचा विषय आहे. विषय सोपविला गेला, पण त्यासाठीचा नियमित निधी त्याबरोबर आला नाही. उद्घाटनानंतर काही वर्षांतच फरशा उखडलेले सायकलमार्ग आणि त्यांवर उभी असलेली वाहने हे दृश्य अनेक शहरांत दिसते. ते केवळ बेशिस्तीचे लक्षण नसून या वित्तीय रचनेचाही परिणाम आहे.

वाटेचे मूल्य अंदाजपत्रकात दिसत नाही, कारण तिचे तिकीट नसते. हॅरल्ड हॉटेलिंग यांनी १९४७ मध्ये सुचविले की, एखाद्या उद्यानात पोहोचण्यासाठी लोक जो प्रवासखर्च व वेळ सोसतात, त्यावरून त्यांच्या लेखी असलेले उद्यानाचे मूल्य काढता येते. समजा, एखाद्या तलावकाठावर रोज २,००० माणसे वर्षातील ३०० दिवस येतात आणि प्रत्येक फेरीचे मूल्य त्यांच्या दृष्टीने अवघे २० रुपये आहे, तर हे वार्षिक मूल्य १ कोटी २० लाख रुपये होते. देखभालीच्या खर्चाची तुलना या रकमेशी व्हावयास हवी, तिकिटाच्या उत्पन्नाशी नव्हे. तिकीट लावल्यास सर्वप्रथम गरीब वापरकर्ता वगळला जातो, आणि त्याच्याजवळ दुसरा पर्याय नसतो.

मूल्य न मोजल्याने निर्णयांवर कसा परिणाम होतो, याचेही उदाहरण रायपूरमध्ये आहे. रायपूर–धमतरी हा जुना अरुंदमापी लोहमार्ग शहराच्या मध्यातून जात असे. २०१७ मध्ये रायपूर ते केंद्री हा भाग बंद झाला आणि त्या पट्ट्यावर द्रुतगती मार्ग बांधण्यात आला. वाहतुकीची गरज नाकारता येणार नाही. परंतु शहराला छेदून जाणारा सलग, सपाट पट्टा पुन्हा उपलब्ध होत नाही. जगातील अनेक शहरांनी असे सोडलेले लोहमार्ग पादचारी व सायकलमार्गांत रूपांतरित केले आहेत. कामगार, विद्यार्थी आणि व्यायाम करणारे नागरिक या सर्वांना उपयोगी पडेल अशा मार्गाचा पर्याय तुलनेसाठी हिशेबात धरणे, हे संधी-व्ययाच्या तत्त्वाला धरून झाले असते. भविष्यात मोकळे होणारे कालवाकाठ, नाल्यांचे पट्टे व जुने रस्ते यांच्या बाबतीत तरी हा हिशेब आधी मांडला गेला पाहिजे.

काही सूचना

वरील विवेचनावरून काही व्यवहार्य सूचना पुढे येतात. पहिली, वाटेचे सुशोभीकरण करण्यापूर्वी तिच्यावरील प्रत्यक्ष वापराची किमान तीन ऋतूंत, तासवार मोजणी व्हावी. मोजणीत पादचारी, सायकलस्वार, स्त्रिया, मुले, गुरे, विक्रेते यांची स्वतंत्र नोंद असावी. दुसरी, गर्दीच्या फरसबंद तलावकाठांवर पहाटे व सायंकाळच्या गर्दीच्या वेळी सायकल केवळ लहान मुलांपुरती मर्यादित ठेवावी. इतर वेळी वेगमर्यादा व एकदिशा नियमासह ती सर्वांना खुली करावी. तिसरी, माउंटन बाइकसाठी नवा रायपूर परिसरात वेगळे, भाठा जमिनीवरील मार्ग निश्चित करावेत, मात्र त्यापूर्वी संबंधित गावांच्या निस्तारपत्रकाची व वाजिब-उल-अर्जाची तपासणी करून तेथील वाटांचे हक्क कायम ठेवावेत. धरशावर सायकलस्वार हा पाहुणा आहे आणि गुरांना व पादचाऱ्यांना प्रथम वाट देणे हे त्याचे कर्तव्य आहे, हा नियम फलकावर स्थानिक भाषेत लिहिलेला असावा.

चौथी सूचना व्यवस्थापनाची आहे. २०१४ च्या पथविक्रेता कायद्याने नगर पथविक्रेता समितीत विक्रेत्यांचे किमान ४० टक्के प्रतिनिधित्व आणि त्यात एक-तृतीयांश स्त्रिया असाव्यात, असे बंधन घातले. त्याच धर्तीवर प्रत्येक मोठ्या वाटेसाठी वापरकर्त्यांची समिती नेमता येईल. तीत सायकल मंडळांबरोबरच ज्येष्ठ नागरिक, परिसरातील महिला बचत गट, विक्रेते आणि नवा रायपूरमध्ये ग्रामस्थ यांना स्थान असावे. पाचवी, प्रत्येक नव्या मार्गाच्या मंजुरीबरोबरच दहा वर्षांच्या देखभालीची तरतूद दाखविणे बंधनकारक करावे. राष्ट्रीय शुद्ध हवा कार्यक्रमात रायपूरचा समावेश आहे. पायी व सायकलने होणाऱ्या प्रवासाला चालना देणे हा त्याचाही भाग मानला, तर देखभालीसाठी निधीचा एक मार्ग उपलब्ध होऊ शकेल. स्पर्धा व उपक्रम यांसाठी मात्र आयोजकांकडून शुल्क घेण्यास हरकत नाही, आणि ते त्याच वाटेच्या देखभालीवर खर्च व्हावे.

समारोप

गर्दीच्या वाटेवर बंदी घालणे सोपे असते आणि नवे बांधकाम करणे आकर्षक असते. परंतु बंदीमुळे व्यायामाची गरज संपत नाही, आणि बांधकामामुळे गर्दी काही काळच विरळ होते. वेळ, वेग आणि दिशा यांची शिस्त, मातीचे स्थानिक ज्ञान, देखभालीचा खात्रीचा निधी आणि वापरकर्त्यांचा निर्णयात सहभाग, हे मार्ग कमी खर्चाचे आणि अधिक टिकाऊ आहेत. त्यांची यशस्विता मोजण्याचा निकषही साधा आहे. सुधारणेनंतर त्या वाटेवर सर्वांत वेगवान सायकलस्वार आला किंवा नाही, यापेक्षा सर्वांत संथ चालणारी वृद्ध स्त्री, डबा घेऊन निघालेला मजूर आणि गुरे वळविणारा मुलगा पूर्वीइतक्याच निर्धास्तपणे तेथून जातात किंवा नाही, हे पाहावे लागेल. नियोजनकारांनी हा निकष आराखड्याच्या पहिल्या पानावरच नमूद केला, तर रायपूरच्या वाटांवर चालणारा आणि सायकलस्वार या दोघांनाही पुरेशी जागा राहील.